विहीर दिली, रहाट नाही

“पान ११४ नीट दिसत नाही. काम हाती घेतलंय तर जबाबदारीनं करा.”

निरोप एवढाच. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि मी त्याच पुस्तकाचं पान १७६ काचेखाली दाबून धरलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन. लेखकाला जाऊन साठाहून जास्त वर्षं झालेली, म्हणजे १९५७च्या कॉपीराइट कायद्याची मुदत संपून पुस्तक सगळ्यांचं झालेलं. पानं अशी की उलटताना कडेचा तुकडा पापडासारखा हातात येतो. शिवण घट्ट, त्यामुळे आतल्या बाजूची अक्षरं घडीत जातात. ती सपाट करायला काच ठेवावी, तर दिव्याचा पांढरा गोळा नेमका मधल्या ओळीवर येऊन बसतो. पान ११४ला ओल लागली होती आणि मागच्या पानाची शाई पुढे उतरली होती. ते मलाही वाचता आलं नव्हतं. तसं मी पीडीएफच्या पहिल्याच पानावर लिहूनही ठेवलं होतं.

एका मित्राला हे सांगितलं. वाटलं होतं, तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, “त्याचं चुकलं काय? लोकांसमोर ठेवलंस ना? मग?”

हा ‘मग?’ त्याचा एकट्याचा नाही. मोफत ऐकवलेल्या कथा, मोफत वाटलेले फाँट, मोफत शिकवण्या, मोफत सॉफ्टवेअर, या सगळ्याबद्दल सुशिक्षित माणसाचं आज जे मत झालं आहे त्याचा तो अर्क आहे. त्याचं खंडन करायचं तर आधी तो पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. लुळा पूर्वपक्ष उभा करून पाडण्यात पराक्रम कसला?

पूर्वपक्ष म्हणतो, जगात फुकट असं काही नसतं. पैसे नाही दिले तरी आपण वेळ देतो, लक्ष देतो, आपली माहिती देतो, देणाऱ्याचं नाव चार ठिकाणी नेतो. म्हणजे मोबदला पोचला. मोबदला पोचला की घेणारा गिऱ्हाईक झाला आणि गिऱ्हाइकाला बोलायचा हक्क आहे. शिवाय तुम्ही लोकांना सवय लावलीत, लोक तुमच्यावर विसंबले. आता मध्येच हात झटकता येणार नाहीत. आणि बोलणी खायची नसतील तर पैसे लावा. फुकटच्या वस्तूला किंमत नसते. दहा रुपये लावा, लोक आपोआप शिस्तीत येतील.

यातला पहिला मुद्दा सगळ्यात चलनी आहे आणि तो इंटरनेटहून जुना आहे. १९७३ साली रिचर्ड सेरा आणि कार्लोटा फे स्कूलमन यांनी ‘टेलिव्हिजन डिलिव्हर्स पीपल’ नावाची छोटी चित्रफीत केली. पडद्यावर नुसती अक्षरं सरकत राहतात, पाठीमागे हलकंफुलकं संगीत. सांगणं असं की टीव्हीवरचा कार्यक्रम हा माल नाहीच; प्रेक्षक हा माल आहे आणि तो जाहिरातदाराच्या हाती पोचवला जातो. टीव्हीबद्दल हे खरं होतं. आज जाहिरातींवर चालणाऱ्या बड्या कंपन्यांबद्दल ते त्याहून खरं आहे. तिथे भांडा, खुशाल भांडा. घोटाळा त्यापुढे होतो. एका जातीच्या फुकटाबद्दलचं सत्य आपण फुकटाच्या सगळ्या जातींना चिकटवतो.

खरं तर आपल्या भाषेला हा फरक चांगला कळतो. ‘फुकट’ म्हणताना नाक जरासं मुरडतं. ‘मोफत’ हा दुकानाच्या पाटीवरचा शब्द. ‘विनामूल्य’ म्हटलं की व्याख्यानमालेची पत्रिका डोळ्यांसमोर येते. आणि ‘मुक्त’ शब्दात तर पैशाचा विषयच नाही. रिचर्ड स्टॉलमन १९८३ पासून मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता, वाटता येईल अशा सॉफ्टवेअरचा, पुरस्कार करत आले. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना ‘फ्री’ हा एकच शब्द, त्यामुळे आपण मोकळिकीबद्दल बोलतोय, किमतीबद्दल नाही, हे त्यांना जन्मभर समजावत बसावं लागलं. मराठीत ही कटकट नव्हती. आपण सगळ्याला सरसकट ‘फ्री’ म्हणू लागलो आणि ती परदेशातून मागवून घेतली.

‘मोबदला’ हा शब्दही असाच सैल सोडला की काहीही त्यात मावतं. १८७२च्या भारतीय करार कायद्यात मात्र त्याची व्याख्या घट्ट आहे: वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्यानं काही केलं, किंवा करायचं टाळलं, तर तो मोबदला. ‘इच्छेवरून’ हा त्यातला कळीचा शब्द. माझ्या पीडीएफवर तुम्ही तीन तास घालवलेत ते तुमच्या हौसेनं. मी ते मागितले नव्हते आणि त्यांच्या बदल्यात काही कबूलही केलं नव्हतं. गणपतीची आरास पाहायला रांगेत तासभर उभे राहिलो, सबब मंडळानं आमचं ऐकलं पाहिजे, असा दावा निदान अजून तरी कुणी केलेला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तर सरळच बोलतो. त्यातल्या सेवेच्या व्याख्येतूनच, कलम २च्या ४२व्या पोटकलमात, विनामूल्य दिलेली सेवा वगळली आहे. यावर जाणकार वकील लगेच १९९५चा निकाल काढील: इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता. तो १९८६च्या जुन्या ग्राहक कायद्याखालचा, पण सेवेची व्याख्या या बाबतीत तशीच होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जे रुग्णालय सर्वांनाच फुकट तपासतं ते या कायद्याबाहेर. केसपेपरचे नाममात्र पैसे घेतले म्हणून त्यात फरक पडत नाही. पण जे रुग्णालय काहींकडून पैसे घेतं आणि काहींना फुकट तपासतं, तिथला फुकट रुग्णसुद्धा ग्राहकच. मला हा निकाल फार आवडतो. पूर्वपक्षाला जेवढं द्यायला हवं तेवढं तो देतो आणि तिथेच थांबतो. ज्या अ‍ॅपचा खालचा मजला फुकट आणि वरचा विकत, त्याच्या फुकट्या वापरणाऱ्यानं आवाज चढवला तर त्याच्या पाठीशी निदान या निकालाचं तर्कशास्त्र उभं आहे. कारण तिथे फुकट हा व्यवसायाचाच एक भाग आहे. जिथे वरचा मजलाच नाही, तिथे?

युरोपीय संघानं २०१९ सालीच डिजिटल मजकूर आणि सेवांबद्दल जो निर्देश काढला, त्यात तर पैशाऐवजी स्वतःची माहिती देणाऱ्यालाही ग्राहकाचे हक्क मिळाले. पूर्वपक्षानं पेढे वाटावेत असा हा विजय. पण त्याच निर्देशानं पैसे न घेता मुक्त परवान्याखाली दिलेलं सॉफ्टवेअर बाहेर ठेवलं. माहिती घेतलीच तर ती त्या सॉफ्टवेअरची सुरक्षितता आणि इतरांशी त्याचा मेळ सुधारण्यापुरती असावी, एवढीच अट. म्हणजे ‘फुकट काहीच नसतं’ हे ज्यांनी कायद्यात आणलं, त्यांनाही खरोखर फुकट असलेल्या गोष्टीसाठी वेगळा कप्पा करावा लागला.

आणखी एक फुकट आहे, ज्याचे पैसे आपण आधीच करातून भरलेले असतात. मराठी विश्वकोशाचे खंड आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. त्यासाठी लागलेला खर्च महाराष्ट्राच्या तिजोरीतला. तिथे नोंदीत चूक दिसली तर हक्कानं लिहावं. ते आपलंच आहे. पण आपली गंमत अशी की जिथे हक्क आहे तिथे आपण ‘सरकारी काम, असंच चालायचं’ म्हणून सोडून देतो, आणि घरचा दिवा जाळून कुणी एकटा काही करत असला की तिथे आपल्यातला ग्राहक जागा होतो. (याच जातीचं आणखी एक औदार्य म्हणजे हयात लेखकाचं विकतचं पुस्तक स्कॅन करून गटागटांत फिरवायचं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. त्याखाली पुन्हा कुणी तरी विचारतोच, “क्लिअर कॉपी आहे का?”)

आता दुसरा मुद्दा, सवय लावल्याचा आणि विसंबून राहण्याचा. पूर्वपक्षाचं खरं बळ इथे आहे.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, दुसऱ्या खंडात, दानाचं प्रकरण वेगळं आणि प्रतिष्ठा व उत्सर्ग यांचं वेगळं आहे. हा वेगळेपणा नुसता मांडणीचा नाही. दानाला ठरावीक घेणारा लागतो आणि त्यानं स्वीकारल्याशिवाय दान पुरं होत नाही. उत्सर्गात असा कुणी समोर बसलेला नसतो. विहीर, तळं, बाग बांधून ती सगळ्यांसाठी सोडून द्यायची. सोडल्यावर मालकी संपली. बांधणाराही त्या तळ्याचं पाणी पिऊ शकतो, पण मालक म्हणून नाही. सगळ्यांतला एक म्हणून.

मुक्त परवान्याखाली दिलेला कोड हा असा उत्सर्ग आहे. माझ्यासारख्याची जुन्या पुस्तकांची पीडीएफही त्याच जातीची, आकारानं फार लहान. एकदा सोडलं ते परत घेता येत नाही, आणि घेऊ नये. पण विहीर सोडली म्हणजे रोज पहाटे येऊन रहाट ओढून देईन, असं त्यात कुठे आलं? रांजण धुणं, पाणी भरणं, पेला साखळीला बांधणं, चोरीला गेला की दुसरा आणणं, ही पाणपोईची कामं. विहीर एकदाच बांधायची असते, पाणपोई रोज भरावी लागते. पाणपोई घालणाराही असतो आणि त्यानं बोललेलं पाळावं. पण पूर्वपक्ष विहिरीच्या काठावर उभा राहून पाणपोईची तक्रार करतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या जवळपास प्रत्येक परवान्यात, बहुतेक वेळा ठसठशीत मोठ्या अक्षरांत, लिहिलेलं असतं की हे जसं आहे तसं आहे, कसलीही हमी नाही. ते वकिलांनी घातलेलं कलम म्हणून कुणी वाचत नाही. ती विहिरीवरची पाटी आहे.

पाटी न वाचल्यानं काय होतं ते २०२४ साली दिसलं. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणाऱ्या साधनांचं एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर. बहुतेक लिनक्स यंत्रणांत ते असतं, म्हणजे जगातल्या अगणित सर्व्हरांच्या पोटात. त्याची देखभाल वर्षानुवर्षं लासे कोलिन नावाचे एक फिन्निश गृहस्थ फावल्या वेळात, पगाराविना करत होते. २०२२ साली काही मंडळी त्यांच्या मागे लागली. कामाचा वेग कमी आहे, दुरुस्त्या पडून आहेत, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसऱ्या कुणाला तरी घ्या. कोलिन यांनी जाहीरपणे उत्तर दिलं की रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे फार झेपत नाही, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे हे ध्यानात असू द्यावं. तक्रारी थांबल्या नाहीत. त्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावानं कुणी तरी मोठ्या सौजन्यानं मदत करत होतं. हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या आल्या. २०२४च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्यानं चोरदरवाजा बसवला. असा की ज्याच्याकडे गुप्त किल्ली असेल त्याला दूरच्या यंत्रात शिरता यावं.

२९ मार्च २०२४ला तो उघडकीस आला, तोही योगायोगानं. मायक्रोसॉफ्टमधले अभियंता आंद्रेस फ्रॉइंड वेगळीच चाचणी करत होते. यंत्रात दुरून शिरताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढं त्यांच्या मनात खटकलं आणि ते खणत गेले. अर्धा सेकंद! आपल्याकडे असा अर्धा सेकंद कुणाला खटकला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि उत्तर न देता सोडून दिला.

पण मला या कथेतलं वेगळंच काही सांगायचं आहे. कोलिन यांच्या मागे तगादा लावणाऱ्या त्या नावांचा आगापिछा नंतर कुणालाच सापडला नाही. जाणकारांचं मत असं की ती नावं बनावट, त्याच कटातली. म्हणजे हल्लेखोरांना एक वेश हवा होता, ज्यात कुणालाही संशय येणार नाही. त्यांनी कुठला निवडला? फुकट घेऊन वर खेकसणाऱ्या गिऱ्हाइकाचा. तो वेश अंगात इतका चपखल बसला की दोन वर्षं कुणाला वेगळं काही वाटलं नाही, कारण खरी गिऱ्हाइकं अशीच बोलतात. ‘बोलण्याचा हक्क’ म्हणून ज्याचं आपण कौतुक करतो तो आवाज चोरालाही उचलता येतो, आणि पाहुणा म्हणून तो घरात घेतला जातो. पूर्वपक्षाला मी एवढंच विचारतो: विसंबून राहिल्यानं हक्क येतो म्हणता, तर त्या दोन वर्षांत विसंबून राहिलेल्यांपैकी कोलिन यांच्या जोडीला उभं राहायला कोण गेलं होतं? मदतीचा हात पुढे करणारा जो होता, तो चोर होता.

विसंबणाऱ्यांनी देखभाल करणाऱ्याला असं एकटं सोडणं पहिल्यांदा घडलं असंही नाही. इंटरनेटवरच्या व्यवहारांचं कुलूप म्हणावं अशा ओपनएसएसएलमध्ये एप्रिल २०१४ला ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा लोकांना कळलं की या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या साधारण २००० डॉलर होत्या. ज्यांच्या तिजोऱ्या त्या कुलपावर होत्या त्यांच्या चहापाण्याचा महिन्याचा खर्च याहून मोठा असेल. विसंबणं ही त्यांची निवड होती. पाया दुसऱ्याच्या जमिनीवर घालताना सात-बारा पाहायचा असतो, हे आपल्याकडे खेड्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

विसंबून राहणाऱ्याला काहीच आधार नसावा असं मात्र मी म्हणत नाही, आणि कायदाही म्हणत नाही. करार कायद्याचं १५९वं कलम उसनवारीचं आहे. फुकट उसनी दिलेली वस्तू केव्हाही परत मागता येते, मुदत ठरवून दिली असली तरीसुद्धा. पण त्या मुदतीच्या भरवशावर घेणाऱ्यानं काही केलं असेल, आणि अवेळी परत दिल्यानं त्याचा तोटा आजवरच्या फायद्याहून जास्त होत असेल, तर वरचा फरक देणाऱ्यानं भरून द्यायचा. किती नेमकं आहे पाहा. भरवसा दिला असेल तर त्याची किंमत आहे; न दिलेल्या भरवशाची नाही. मी ‘दर रविवारी एक पुस्तक’ असं जाहीर केलं असतं आणि तिसऱ्या रविवारी गायब झालो असतो, तर तुम्ही मला धरावं. मी तसं कधी म्हटलं नव्हतं.

तिसरा मुद्दा, पैसे लावण्याचा, मला थोडक्यात उरकता येईल. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरं पाहिली. आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत. त्यातल्या सहा ठिकाणी उशिराला दहा शेकेल दंड लावला. २००० साली त्यांचा निबंध छापून आला तो उलटाच निष्कर्ष घेऊन: दंड लावल्यावर उशीर करणारे वाढले, जवळजवळ दुपटीनं. पूर्वी ताईंना थांबावं लागतं याचं ओशाळेपण होतं. आता उशिराचा दर ठरला, पैसे टाकले की झालं. पुढे दंड काढला तरी ते ओशाळेपण परत आलं नाही. माझ्या पीडीएफवर दहा रुपये लावले तर निरोप बदलेल हे खरं. तो असा होईल: “पैसे घेता आणि पान ११४ दिसत नाही?” आणि तो बरोबर असेल.

शिवाय, फुकट मिळालं की साधी माणसं माजतात, या समजालाही आधार थोडाच आहे; मोठेही माजतात. जानेवारी २०२२मध्ये, लॉग४जे या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या भगदाडाची जगभर धावपळ चालू असताना, स्वीडनमधल्या डॅनियल स्टेनबर्ग यांना अमेरिकेतल्या एका महाकाय कंपनीची ईमेल आली. स्टेनबर्ग १९९८ पासून कर्ल हे मुक्त साधन सांभाळतात. कंपनीनं प्रश्नांची यादी पाठवून २४ तासांत उत्तरं मागितली होती. कर्लचा लॉग४जेशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी नम्रपणे कळवलं की आधी देखभालीचा करार करू, मग सगळं सांगतो. त्यावर कंपनीकडून विचारणा आली, ती डॅनियलना ‘डेव्हिड’ म्हणून: म्हणजे आम्ही तुमचे ग्राहक नाही, असं तुम्हाला म्हणायचंय का? अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपनीला हा प्रश्न खरोखर पडला होता. मला निरोप धाडणारे तरी शंभर पट बरे. त्यांना मराठी पुस्तक वाचायचं होतं.

म्हणजे देणारा सर्वस्वी मोकळा? नाही. इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी वाद घालतो, कारण ‘फुकट दिलंय, गप्प घ्या’ म्हणणारे कमी नाहीत. करार कायद्याचं १५०वं कलम वाचावं. त्यात एक घोड्याचं उदाहरण आहे. घोडा खोडकर आहे हे ठाऊक असून मालक तो उसना देतो आणि सांगत नाही. घोडा उधळतो, घेणारा पडतो, जखमी होतो. जबाबदार मालक. पुढचं उदाहरण भाड्यानं घेतलेल्या गाडीचं: गाडी धोक्याची आहे हे गाडीवाल्याला ठाऊक नव्हतं, तरी जबाबदार तोच, कारण त्यानं भाडं घेतलंय. दीडशे वर्षांपूर्वीच्या या दोन वाक्यांत आपला सगळा वाद मिटतो. पैसे घेऊन देणाऱ्याला न ठाऊक असलेल्या दोषाचीही जबाबदारी. फुकट देणाऱ्याला ठाऊक असलेल्या दोषाचीच, तीही तो सांगण्यापुरती. पण तेवढी आहे, आणि ती टाळता येत नाही.

म्हणूनच २०२२च्या जानेवारीत ज्या विकासकानं ‘कलर्स’ या आपल्याच लोकप्रिय कोडमध्ये न संपणारं चक्र घालून हजारो प्रकल्प बंद पाडले, त्याची बाजू मला घेता येत नाही. त्याचा राग मला समजतो. मोठ्या कंपन्यांनी फुकट राबवून घेतलं, हे खरंच होतं. पण त्यानं रहाट सोडला नाही, विहिरीत माती लोटली, आणि ती विहीर त्याची एकट्याची राहिलेली नव्हती. त्याआधी मार्च २०१६मध्ये एकानं ‘लेफ्ट-पॅड’ नावाच्या आपल्या कोडच्या ११ ओळी सामायिक कोठारातून काढून घेतल्या आणि त्यांवर उभे असलेले प्रकल्प धडाधड कोसळले. कोठार चालवणाऱ्यांना त्या ओळी परत ठेवता आल्या, कारण परवाना मुक्त होता. उत्सर्ग परत घेता येत नाही म्हणतात तो असा. 

आपली जुनी म्हण घेणाऱ्याला गप्प करते: धर्माची गाय आणि दात का नाय. मला ती पूर्ण मान्य नाही. दात खुशाल मोजा. मोजून सांगा की दोन कमी आहेत, डावीकडचे, म्हणजे चारा कसा घालायचा ते पुढच्याला कळेल. दात बसवून आणा, उद्यापर्यंत, असं म्हणालात की ती म्हण तुम्हाला लागू. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. त्यातल्या चुका ज्या मोठ्या आवाजात सांगितल्या जातात तो आवाज मी अनेक घरांच्या दिवाणखान्यांत ऐकला आहे. जवळपास प्रत्येक लेखाच्या डोक्यावर ‘संपादन’ लिहिलेलं असतं. हक्कच हवा असेल तर तो तिथे ठेवलेला आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

त्या निरोपाला मी उत्तर दिलं: पानाला ओल आहे, माझ्या प्रतीत ते वाचता येत नाही, पहिल्या पानावर तसं लिहिलंय, तुमच्याकडे दुसरी प्रत असेल तर पाठवा. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी एक फोटो आला. पान ११४, स्वच्छ, खाली कुणाच्या तरी आजोबांची पेन्सिलीतली सही. सोबत मजकूर नव्हता, नमस्कारही नाही. पान मी जागेवर बसवलं आणि पहिल्या पानावरची ती ओळ काढून टाकली.

आता पान २१२ राहिलं आहे. त्याचा खालचा कोपरा उंदरानं खाल्ला आहे, शेवटच्या पाच ओळी अर्ध्या गेल्या आहेत. पुस्तक कुठलं ते विचारलंत तर सांगेन. घरच्या कपाटात प्रत सापडली तर फोटो पाठवा. दिवसाउजेडी, खिडकीपाशी काढा, आणि बोट मध्ये येऊ देऊ नका.